सज्ज्याचा रंग दर पावसाळ्यात का उडतो?



या वेळी उन्हाळी वाळवणावर लिहायचं ठरवलं होतं. पण वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावहून एका भगिनीचं पत्र आलं आणि वाळवण पुढच्या अंकावर ढकललं. पत्र वाचल्यावर तुम्हीही म्हणाल, बरं केलंत. त्या लिहितात:

‘आमचं घर जुनं आहे. खाली सपरी, वर माडी आणि माडीपुढे सागवानी फळ्यांचा सज्जा आहे. बारा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. दर दिवाळीला त्याला ऑईलपेंट देतो. दुकानातला भारीतला डबा आणते. पण पोळा येईपर्यंत रंगाचे पापुद्रे निघतात. पूर्वी एकदा दिलेला रंग तीन-तीन वर्षं टिकायचा. यंदा आमचे हे म्हणाले, पुरे झालं, फळ्या उपटू आणि सिमेंटचा स्लॅब टाकू. तेव्हापासून सासूबाई घरात बोलेनाशा झाल्या आहेत. त्यांचं एकच म्हणणं, “माह्या लग्नात वाजंत्री याच सज्ज्यावर बसले होते.” मला दोघांचंही पटतं. चार वर्षांपूर्वी कवेलू काढून टिनं टाकली, तेव्हाच हात मोकळा झाला, आता मोठा खर्च झेपणारा नाही. रंग टिकेल असं काही सांगाल का?’

आसेगावच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पूर्वी रंग तीन वर्षं टिकायचा, आता आठ-दहा महिनेही टिकत नाही. मधल्या काळात घरात काय बदललं? कवेलू गेली, टिनं आली. आता अंगणात उभ्या राहा आणि वर बघा. जुन्या कवेलूंची वळचण सज्ज्याच्या कठड्याच्याही पुढे आलेली असणार. नवी टिनं टाकताना पत्रा वाचवण्यासाठी ती आखूड झाली असतील, तर छपराचं सगळं पाणी आता अंगणात न पडता थेट फळ्यांवर पडतंय. आढ्याचं पाणी वळचणीला जातं, असं आपण म्हणतो. पण वळचणच तोकडी असेल तर ते तुमच्या सज्ज्यालाच येणार! अशा जागी डबा कितीही भारी आणा, फरक पडायचा नाही.

तेव्हा पहिला खर्च रंगाचा नाही, पन्हळीचा. टिनांच्या कडेला पत्र्याची पन्हळ लावून पाणी एका बाजूला नळीने खाली सोडा, किंवा पुढे फूट-दीड फूट टिनाची पट्टी जोडून घ्या. जुने सुतार हुशार होते. त्यांनी लाकूड वाचवण्याचा भार रंगावर टाकलाच नाही. सपरीतला खांब जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा केला आणि वर वळचण लांब काढली. लाकूड वरूनही भिजू नये आणि खालूनही ओल पिऊ नये, एवढीच त्यातली खुबी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या, पुण्याच्या विश्रामबाग वाड्याला लाकडी दर्शनी सज्जा आहे. पुण्याला गेलात की मान वर करून बघा, त्याच्यावर छपराची सावली कशी धरली आहे ते.

माझी फजिती

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकले नाही. माझं सासर कारंज्याचं. आमच्याही घराला असाच सज्जा होता. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं, दिवाळीनंतरचा मुहूर्त होता. घर कसं उठून दिसलं पाहिजे! मी रंगाऱ्याला बोलावलं, चॉकलेटी ऑईलपेंटचे दोन जाड हात देववले. सज्जा असा चमकायला लागला की वऱ्हाडातल्या बायका वाकून त्यात तोंड बघत होत्या. मी आपली खूश.

पुढच्या श्रावणात झड लागली होती. सासूबाई दोरीवरचे कपडे काढायला सज्ज्यावर गेल्या आणि कठड्याजवळची फळी त्यांच्या पायाखाली मोडली. पाय गुडघ्यापर्यंत आत. पोटरीला अकरा टाके पडले. वरून रंगाला एक चीरही नव्हती, आणि खालून फळी शेवयांसारखी सुटी झाली होती. दुसऱ्या दिवशी सुतार आले, त्यांनी मोडलेला तुकडा हातात घेतला, बोटांनी चुरला आणि म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही कुजक्या फळीला भारी लुगडं नेसवलं.’

सासूबाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच मला जास्त लागलं. म्हणूनच सांगते, सज्ज्याचा रंग हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. त्यावर आपली माणसं चालतात.

रंग सुटतो कसा

लाकूड झाड असताना पाणी पितं आणि फळी झाल्यावरही ती सवय सोडत नाही. पावसाळ्यात फळी ओल घेऊन रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीला मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून तर पावसाळ्यात दारं घासतात आणि एप्रिलमध्ये सहज मिटतात. ऑईलपेंटचा थर सुरुवातीला लवचीक असतो, पण जसजसा जुना होतो तसतसा कडक होतो. खालची फळी हलते, वरचा थर हलत नाही, मग बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत जातं. पुन्हा ऊन पडलं की ती ओल बाहेर यायला बघते आणि रंगाला खालून उचलते. आधी फोड, मग पापुद्रे.

पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते फळीच्या वरच्या अंगाने नव्हे, तर कापलेल्या टोकांनी. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. उसाचं कांडं रंगाच्या पाण्यात उभं करून बघा, कळेल. रंगारी नेमकी हीच टोकं विसरतात, कारण ती दिसत नाहीत.

आता दिवाळीचं बघू. आपल्याकडे रंगरंगोटी म्हटली की दिवाळीच्या आधी. भिंतींना ते चालून जातं. पण उघड्यावरच्या लाकडाला तो मुहूर्त अगदी वाईट! चार महिने पाणी पिऊन फळ्या तट्ट फुगलेल्या असतात, वरून कोरड्या वाटल्या तरी पोटात ओल असते. त्यावर रंगाचं झाकण घातलं की ओल आत कोंडते आणि सणाचा रंग पुढचा पावसाळा काढत नाही. ताई, तुमची वळचण तोकडी झाली आणि मुहूर्तही चुकला, असं दुहेरी दुखणं आहे.

दुसरं टोक म्हणजे नवतपा. मेच्या अखेरीस आपल्याकडे ऊन इतकं तापतं की फळीवर पाय ठेववत नाही. अशा तापल्या लाकडावर रंगाची वरची साय लगेच सुकते, आतला रंग ओलाच राहतो, आणि सुरकुत्या व फोड येतात.

योग्य काळ म्हणजे संक्रांतीनंतर आणि होळीच्या आत. हवा कोरडी, ऊन बेताचं, फळ्या सुकून आपल्या मूळ मापावर आलेल्या. शिवाय होळीनंतर सज्ज्यावर कुरडया-पापड घालायचे असतात. तोपर्यंत रंग पक्का होतो आणि वासही उडून जातो. काम सकाळी दव सुकल्यावर, दहाच्या सुमारास सुरू करा आणि चारच्या आत थांबवा. सज्ज्यावर थेट ऊन असेल तर सावली फिरेल तसं काम करा. दिवाळीला सज्जा नुसता स्वच्छ पुसा, कठड्याला आकाशकंदील लावा. लक्ष्मीला तेवढं पुरतं.

आधी दाभण

डबा आणण्याच्या आधी घरातलं दाभण घ्या आणि प्रत्येक फळीची परीक्षा करा. टोकांना, खिळ्यांच्या भोवती, भिंतीला टेकते तिथे, कठड्याच्या बुडाशी आणि खालून आधार देणाऱ्या तुळयांना टोचून बघा. पक्कं सागवान दाभणाला आत घेत नाही. भाकरीत शिरावं तसं दाभण शिरलं, तर तिथे लाकूड कुजलं आहे. दाभणाच्या मुठीने ठोकूनही बघा. भरीव आवाज आला तर बरं, पोकळ आला तर वाळवीची शंका घ्या. कुजकी फळी बदलायचीच, तिच्यावर लांबी भरून वेळ मारून न्यायची नाही. आणि तुळई मऊ लागली तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी सुताराला बोलवा, तोवर मुलांना सज्ज्यावर जाऊ देऊ नका.

नवी फळी सागाचीच घ्यायची तर गाभ्यातली घ्या. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला सागवानाचा भाव द्यावा लागतो, पण कीड आणि कूज यांना ते दाद देत नाही असं मुळीच नाही. आपल्या विदर्भाच्या सागाचा नावलौकिक मोठा आहे. २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहूनच गेलं. ते नाव गाभ्याने मिळवलं आहे.

फळ्या अगदी चिकटून बसवू नका. दोन फळ्यांमध्ये रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवून मावतील एवढी फट ठेवा. पावसाळ्यात फळी फुगायला जागा मिळते, पाणी गळून जातं आणि खालून वारा लागतो. लोखंडी खिळे गंजून भोवतीचं लाकूड काळं करतात. तेव्हा पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरा.

जुना रंग खरवडताना

आता ज्या घरात लहान मूल आहे किंवा कुणाला दिवस गेले आहेत, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं. विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्या रंगांत. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचे थर तुमच्या सज्ज्यावर असतील तर त्यात शिसं आहे असंच समजून चालावं. जागच्या जागी ते फारसं त्रास देत नाही. पण कोरडं घासलं की त्याची धूळ होते, ती हाताला, भांड्यांना, वाळत घातलेल्या कपड्यांना लागते. रांगतं मूल तोच हात तोंडात घालतं. शिशाचा घाला मुलांच्या मेंदूवर होतो आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

म्हणून जुना रंग कधी कोरडा घासू नका. आधी पाणी शिंपडून ओला करा, मग पत्रीने खरवडा. ओल्याने चालणारा पॉलिशपेपर मिळतो, तो वापरा. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा, तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क बांधा, मुलांना आणि गर्भारशीला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं. रंग जाळून काढणारा स्टोव्ह तर अजिबात नको, त्याची वाफ विषारी.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या सगळ्यांच्या हातून झालेली असते. काढलेल्या रंगीत फळ्या आपण आंघोळीच्या बंबात किंवा चुलीत घालतो, लाकूड वाया कशाला घालवायचं म्हणून. तसं करू नका. शिसं जळून जात नाही, ते धुरात आणि राखेत उतरतं. त्याच राखेने भांडी घासलीत तर? ते तुकडे आणि पापुद्रे पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

सगळा जुना रंग काढायलाच हवा का? नाही. घट्ट बसलेला रंग राहू द्या. ओळखायचा कसा? ब्लेडने रंगावर बारीक फुली पाडा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तो थर काढायचा. नाही आला तर ओल्या पॉलिशपेपरने त्याची चमक मारली की पुरे.

धुणं आणि घासणं

गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून ब्रशने फळ्या घासा, तेलकटपणा आणि धूर निघून जाईल. हातांत रबरी मोजे घाला. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि निदान चार-पाच दिवस वाऱ्यावर सुकू द्या. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने घासून धुवा. पण त्यात फिनेल, ॲसिड असलं काही मिसळू नका.

फळी सुकली की नाही हे बघायला प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतून दंव धरलं तर अजून थांबायला हवं.

उन्हाने करडं पडलेलं लाकूड म्हणजे मेलेली कातडी. त्यावर रंग बसतो, पण ती कातडी रंगासकट सुटते. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासून खालचं तांबूस लाकूड दिसू द्या. मात्र पाटासारखं गुळगुळीत करायला जाऊ नका, थोडा खरबरीतपणा रंगाला धरून ठेवतो. कोऱ्या, न रंगवलेल्या सागवानाला अंगचं तेल असतं, त्यामुळे रंग सुकायला वेळ लावतो. अशा फळीवर अस्तर द्यायच्या थोडं आधी टर्पेंटाइनचं फडकं फिरवून घ्या. शेवटी पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर अजून जुनं तेल किंवा रंग शिल्लक आहे. हळूहळू मुरले तर लाकूड तयार आहे. थेंब वाळू द्या, मग पुढे जा.

अस्तर: चारही अंगं आणि दोन्ही टोकं

अस्तर म्हणजे प्रायमर. हा हात वाचवला की पुढचं सगळं वाया. दुकानात ‘लाकडाचं अस्तर’ असं स्पष्ट सांगून मागा. लालसर रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतं, ते घाईत कुणी हातात ठेवलं तर परत करा.

फळ्या सुटत असतील तर त्यांच्या खालच्या बाजूला खडूने आकडे घालून काढून घ्या, म्हणजे पुन्हा लावताना गोंधळ होत नाही. मग प्रत्येक फळीला वरून, खालून, दोन्ही कडांना आणि दोन्ही टोकांना अस्तर द्या. टोकांना दोनदा. फळ्या काढणं शक्य नसेल तर शिडी लावून खालून हात मारा, आणि टोकं व फटी बारीक ब्रशने भरा. अस्तर सुकल्यावर खिळ्यांची भोकं आणि चिरा लाकडाच्या लांबीने बुजवा. भिंतीची पुट्टी इथे चालत नाही, पहिल्या पावसात ती सुटते.

सज्जा बेचाळीस चौरस फुटांचा आहे. वरून-खालून मिळून चौऱ्याऐंशी आणि कडा वेगळ्या. एक लिटर अस्तर आणि एक लिटर रंग यात तुमचं काम भागावं. डब्यावर लिहिलेला हिशेब गुळगुळीत नव्या लाकडाचा असतो, जुन्या फळ्या थोडा जास्त पितात, एवढं लक्षात ठेवा.

रंगाचे दोन पातळ हात

एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. जाड थर वरून सुकतो, आत चिकट राहतो. पहिला हात रात्रभर सुकू द्या, दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर अलगद फिरवून, पुसून दुसरा द्या. डबा मधूनमधून तळापासून ढवळत राहा. रंगारीदादा रंग वाढवायला टर्पेंटाइन ओतत असतील तर जवळ उभ्या राहा. डब्यावर सांगितलंय त्याहून पातळ करायचं नाही.

हल्ली बाहेरच्या लाकडासाठी पाण्यात कालवायचे रंगही मिळतात. ते ऑईलपेंटपेक्षा लवचीक राहतात, वासही कमी. पण जुन्या चकचकीत ऑईलपेंटवर ते तसेच धरत नाहीत, आधी चमक मारून अस्तर द्यावंच लागतं. कोणताही घ्या, डब्यावर ‘बाहेरच्या लाकडासाठी’ असं असलं पाहिजे आणि पायाखालच्या जागेला चालेल हे दुकानदाराला विचारलं पाहिजे. बिनरंगी वॉर्निश मात्र उघड्या सज्ज्याला नको. ऊन त्यातून आरपार जातं आणि खालचं लाकूड मारतं, मग वॉर्निशचे पापुद्रे उडतात.

ऑईलपेंट पावसात निसरडा होतो. त्याला घरगुती उपाय आहे. बारीक, धुतलेली, कडक वाळवलेली वाळू घ्या. पहिला हात ओला असतानाच चहाच्या जुन्या गाळणीतून त्यावर हलकीच भुरभुरा, पिठीसाखर भुरभुरतो तशी. सुकल्यावर सुटी वाळू झाडून टाका आणि वरून दुसरा हात द्या. पायाला टोचत नाही, पण ओल्या पायाने घसरायला होत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर हे चुकवू नका.

रंग दिल्यावर एक दिवस कुणी पाय ठेवायचा नाही आणि आठवडाभर जड सामान ठेवायचं नाही.

रंगच नको असेल तर

दुसरा मार्ग आहे तेलाचा. लाकडाची नक्षी दिसत राहते आणि पापुद्र्यांचा प्रश्नच येत नाही, कारण वर थर नसतो. आपल्या वऱ्हाडात जवस काही नवं नाही, चटणी आपण करतोच. पण खायचं कच्चं तेल इथे चालत नाही, ते लवकर सुकत नाही. हार्डवेअरच्या दुकानात जवसाचं डबल बॉईल तेल मिळतं, ते थोड्या टर्पेंटाइनमध्ये मिसळून फडक्याने चोळायचं आणि पाव तासाने न मुरलेलं तेल पुसून घ्यायचं. पुसलं नाही तर चिकट राहतं. तेलात तांबूस मातीरंग कालवला तर उन्हापासूनही बचाव होतो. स्वीडनमधली खेड्यातली लाकडी घरं तांबडी दिसतात, तो रंग फालूनच्या खाणीतल्या लोहमातीचा, जवसाच्या तेलात आणि पिठाच्या खळीत कालवलेला. आपला गेरू त्याच मातीचा भाऊबंद. मात्र तेलाला दर वर्षी एक हात द्यावा लागतो आणि आधी जुना रंग पूर्ण काढावा लागतो. सज्जा कोरा असेल किंवा फळ्या नव्या असतील तरच या वाटेने जा.

एक धोक्याची सूचना. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना स्वतःच तापतं आणि बोळ्यातली उष्णता आत कोंडली की काडी न लावता आग लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. फडकी पाण्यात बुडवून ठेवा, किंवा अंगणात एकेक पसरून कडक वाळल्यावरच टाका.

मग वर्षभर काय?

रोज बादलीने सज्जा धुऊ नका. झाडा आणि ओल्या फडक्याने पुसा. तुळशीच्या आणि फुलांच्या कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली विटांचे तुकडे द्या, म्हणजे वारा खेळता राहतो. ओले कपडे पिळूनच दोरीवर घाला. फटींतला पाला-कचरा जुन्या विणकामाच्या सुईने काढत जा, तो ओल धरून बसतो. वर्षातून दोनदा, मृग लागण्याच्या आधी आणि दिवाळीच्या झाडलोटीत, दाभण फिरवा. कुठे बोटभर चीर दिसली तर तेवढीच जागा घासून अस्तर आणि रंगाचा हात द्या. चीर बोटभर असताना वाटीभर रंगात काम होतं, हातभर होऊ दिली की पुन्हा डबा आणावा लागतो.

आता ताई, राहिला तुमच्या घरातला वाद. तुमच्या ह्यांना रागावू नका. दर वर्षी पैसे पाण्यात जाताना बघून कुणीही वैतागेल. पण त्यांना हा हिशेब दाखवा. तुमच्या मापाचा चार इंची स्लॅब साधारण साडेनऊशे किलोचा होईल. आज तिथे असलेल्या इंचभर जाडीच्या सागवानी फळ्या सगळ्या मिळून साठ-पासष्ट किलोच्या आहेत. जुन्या मातीच्या भिंतींनी आणि तुळयांनी आजवर पेललं ते हे साठ-पासष्ट किलोचं ओझं. तिच्यावर टनभर वजन ठेवायचं का, हे इंजिनियरला दाखवल्याशिवाय ठरवू नका. उलट पन्हळ, दोन-चार फळ्या, एक लिटर अस्तर आणि एक लिटर रंग यांचा खर्च कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा.

आणि दाभणाची परीक्षा सासूबाईंच्या हाताने करून घ्या. पक्की फळी कोणती, गेलेली कोणती, हे त्यांचं त्यांना दिसू दे. गेलेली फळी काढायला मग त्याच सांगतील, आणि बोलायलाही लागतील. माझ्या सासूबाईंनी पायाचे टाके निघाल्यावर पहिलं काय केलं असेल? दाभण घेऊन सज्ज्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘चल, तू खडूने आकडे टाक.’

यंदा दिवाळीला डबा आणू नका. पन्हळ मात्र आत्ताच लावून घ्या आणि संक्रांतीनंतर कामाला लागा. त्याच्या पुढच्या पोळ्याला सज्ज्यावर उभं राहून बैल बघाल, तेव्हा पायाखाली रंग कसा आहे ते मला पत्राने कळवा. आणि सासूबाई काय म्हणतात तेही.